कोल्हापुरी चप्पल, प्राडा कंपनी आणि मोबाईल

हेदवी (ता. गुहागर) : जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा कंपनीच्या फॅशन शोमध्ये हुबेहूब कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या. कंपनीने सांगितलं फक्त 'लेदर सँडल'. पूर्वी हे खपून गेलं असतं, कारण कंपनीची जनसंपर्काची माणसं देतील तेच मासिकांत छापून यायचं. यावेळी लोकांनी मोबाईलवर फोटो फिरवले, कोल्हापूरचं नाव घेतलं. महाराष्ट्र चेंबरनेही पत्र धाडलं. मग काही दिवसांतच कंपनीने मान्य केलं, की प्रेरणा भारतातल्या पारंपरिक चपलेची आहे. जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात कारागिरांना भेटून गेली.

रत्नागिरीच्या हापूसला आहे तसंच जीआय मानांकन कोल्हापुरीला २०१९ पासून आहे. पण ते राखतं नाव, चपलेचा घाट नाही. नावच न घेणाऱ्यापुढे ते तोकडं पडतं.