गुरूची खरखर: एका 'व्यत्यया'चा इतिहास

१९५५चा आरंभ. वॉशिंग्टनपासून जवळच, मेरीलँडमधील सेनेका येथील शेतात कार्नेगी संस्थेने रेडिओ अँटेनांचे विस्तीर्ण जाळे उभारले होते. बर्नार्ड बर्क आणि केनेथ फ्रँकलिन हे दोघे तेथे २२.२ मेगाहर्ट्झवर क्रॅब तेजोमेघाची नोंद घेत. आलेखपट्टीवर तेजोमेघाची रेघ अपेक्षेप्रमाणे उमटे. पण काही रात्री तिच्या जवळच एक दातेरी ओरखडाही दिसे. रात्री उशिरा परतणाऱ्या कुणा शेतमजुराच्या मोटारीतील ठिणग्यांचा हा उपद्रव असावा, असे त्यांनी गृहीत धरले.

परंतु हा मजूर विलक्षण वक्तशीर निघाला. ओरखडा दररोज सुमारे चार मिनिटे आधी येई, म्हणजे ताऱ्यांच्या घड्याळाने चाले. शिवाय आठवड्यांगणिक त्याची जागा ताऱ्यांमध्ये किंचित सरके, आणि नेमकी तशीच गुरू ग्रहाची सरकत होती. एप्रिलमध्ये दोघांनी शोध जाहीर केला.

तिकडे ऑस्ट्रेलियात शेन यांनी जुने कागद उघडले. १९५०-५१ सालच्या त्यांच्याच नोंदींमध्ये हीच खरखर होती, पार्थिव व्यत्यय समजून बाजूला ठेवलेली! श्रेय हातातून निसटले. मात्र त्या नोंदींमुळे संशोधकांना काही वर्षांची सामग्री आयती मिळाली.

१९६४मध्ये ई. के. बिग यांनी दाखवून दिले की, या खरखरीवर आयो या उपग्रहाची सत्ता आहे. आयो कक्षेतील ठरावीक जागी असला की ती हमखास वाढते. आपल्या चंद्राएवढा एक गोळा एवढ्या महाकाय ग्रहाला बोलते करतो, हे तेव्हा चमत्कारिकच वाटले असणार. पुढे १९७०च्या दशकात पृथ्वीवरील दुर्बिणींना आयोच्या परिसरात सोडियमचा आणि आयनित गंधकाचा प्रकाश दिसला. हे पदार्थ येतात कोठून?

उत्तर मार्च १९७९मध्ये मिळाले. २ मार्चला पील, कॅसन आणि रेनल्ड्स यांचा निबंध प्रसिद्ध झाला: गुरूच्या भरती-ओहोटीच्या ताणाने आयोचे अंतरंग वितळले असावे. ५ मार्चला व्हॉयेजर-१ आयोजवळून गेले. ८ मार्चला टिपलेल्या छायाचित्रात लिंडा मोराबिटो यांना आयोच्या कडेवर फिकट छत्रीसारखे काही दिसले. तो ज्वालामुखीचा फवारा होता, अडीचशे किलोमीटरांहून उंच.

मग दुवे जुळले. आयोवरून दर सेकंदाला सुमारे एक टन द्रव्य निसटते. त्यातील गंधक व ऑक्सिजनचे अणू आयनित झाले की गुरूचे चुंबकीय क्षेत्र त्यांना पकडते आणि आयोच्या कक्षेत प्लाझ्माचे मेदूवड्यासारखे कडे तयार होते. ते अतिनील प्रकाशात झळकते. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, आयोला प्रदक्षिणेस साडेबेचाळीस तास लागतात. त्यामुळे हे क्षेत्र व प्लाझ्मा आयोला सतत मागून ओलांडत राहतात. त्यातून प्रचंड विद्युत्प्रवाह वाहतात, इलेक्ट्रॉन क्षेत्ररेषांवरून गुरूकडे धावतात आणि सेनेकाच्या शेतात पोहोचलेली ती खरखर जन्म घेते.

आजही हौशी अभ्यासक २० मेगाहर्ट्झच्या आसपास साध्या तारेच्या अँटेनावर ती ऐकतात: कधी किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांसारखी, कधी लाह्या तडतडाव्यात तशी. त्यासाठी रात्र निवडताना ते आधी आयोची जागा पाहतात.