श्वान-निवारा, दत्तक व परित्याग

बेवारस, जखमी किंवा सोडून दिलेल्या कुत्र्यांना तात्पुरता आसरा देणारी जागा म्हणजे श्वान-निवारा. तेथील कुत्र्याला कायमचे घर मिळणे म्हणजे दत्तक, तर पाळलेल्या कुत्र्याचा सांभाळ मालकाने सोडून देणे म्हणजे परित्याग. या तिन्हींवरील संशोधनाचे सार असे की, निवारा हा मुक्काम असावा, कायमचे ठिकाण नव्हे.

इतिहास व कायदा : मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध मुंबईच्या पारशी समाजाने जून १८३२ मध्ये बंद पाळला होता. १८७४ मध्ये मुंबईत प्राणी-क्रौर्य प्रतिबंधक संस्था स्थापन झाली. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय तिच्याच कार्याचा भाग आहे. भटक्या कुत्र्यांसाठी काम करणारी ‘वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ ही संस्था १९८५ मध्ये सुरू झाली. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार, उपासमार किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण टाकून देणे हा गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्यासाठी कायद्याने ठेवलेला दंड १० ते ५० रुपयेच आहे. २००१ च्या नियमांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या प्राणी जन्मदर नियंत्रण नियमांनुसार निर्बीजीकरण व रेबीजची लस झालेले कुत्रे मूळ जागी परत सोडले जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा आदेश दिला व अकरा दिवसांनी त्यात बदल केला. पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळून इतरांना मूळ जागी सोडण्यास मुभा मिळाली. नोव्हेंबरमध्ये मात्र देशभरातील शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानकांच्या आवारातून कुत्री हटवून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश आला. त्यामुळे निवाऱ्यांच्या दर्जाचा प्रश्न लहान शहरांपर्यंत पोहोचला.

निवाऱ्यातील जीवन : अमेरिकेत मायकल हेनेसी व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले की, निवाऱ्यातल्या पहिल्या तीन दिवसांत कुत्र्यांच्या रक्तात कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण अधिक असते. लिसा गंटर व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये पाच निवाऱ्यांतील २०७ कुत्र्यांचा अभ्यास केला. एखाद्या घरी एक-दोन रात्री राहिल्यावर कॉर्टिसॉलचे प्रमाण घटले, कुत्र्यांना विसावाही जास्त मिळाला. परतल्यावर ते पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आले. म्हणून तात्पुरत्या पालकांची साखळी हाही उपचाराचाच भाग ठरतो. दत्तक घेणाऱ्यांचा कौल कशावर ठरतो, हे प्रोटोपोपोवा व विन यांनी २०१४ मध्ये तपासले : माणसाजवळ येऊन पडणारे आणि खेळाला प्रतिसाद देणारे कुत्रे अधिक पसंत पडते.

परित्यागाची कारणे : अमेरिकेतील १२ निवाऱ्यांच्या १९९८ च्या अभ्यासात घर बदलणे, घरमालकाची हरकत, खर्च व वेळेचा अभाव ही कारणे ठळक दिसली. यांपैकी बरीचशी माणसाच्या अडचणींची आहेत. त्यामुळे कुटुंबाला वेळीच मदत मिळाली, तर अनेक कुत्री घरातच राहू शकतात.

ग्रामीण संदर्भ : रायगडाच्या पायथ्याचे पाचाड आणि महाड-पोलादपूरच्या वाड्या येथे कुत्रे बहुधा मोकळेच असते, एकाच्या अंगणात निजते, चार घरचे खाते. मुंबईला गेलेल्या माणसांची घरे बंद झाली की त्याचा आधार तुटतो. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज परिसरात अबी तमिम वनक व मॅथ्यू गोम्पर यांच्या संशोधनात कुत्र्यांचा आहार मुख्यतः माणसांकडूनच येत असल्याचे आढळले. अनिंदिता भद्रा यांच्या कोलकात्यातील संशोधनगटाने ३६४ पिल्लांची नोंद ठेवली. त्यांतील सुमारे १९ टक्केच सात महिन्यांपर्यंत जगली, आणि बहुतेक मृत्यूंना माणूस कारण होता.

आपत्ती हेही ताटातुटीचे मोठे कारण आहे. २००५ च्या कॅटरिना चक्रीवादळानंतर अमेरिकेने २००६ मध्ये कायदा करून स्थलांतराच्या नियोजनात पाळीव प्राण्यांना जागा दिली. जुलै २०२१ मध्ये महाडचा पूर आणि तळीयेची दरड अनुभवलेल्या तालुक्यांतही तसे नियोजन हवे. येथे मोठ्या पिंजऱ्यांपेक्षा गावातच लसीकरण व निर्बीजीकरण, कचऱ्याची नीट विल्हेवाट, देशी कुत्र्यांचे दत्तक आणि स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना आधीच मदत, हे उपाय अधिक उपयोगी ठरतील.