हरित छत की जलसंचय : दिल्लीतील विद्यापीठांपुढील पाण्याचे गणित

नवी दिल्ली : सफदरजंग वेधशाळेत २८ जून २०२४ रोजी सकाळी संपलेल्या २४ तासांत २२८.१ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. जून महिन्यात राजधानीत एका दिवसात एवढा पाऊस १९३६ नंतर झाला नव्हता. त्याच आठवड्यात हरियाणाकडून यमुनेचे पुरेसे पाणी मिळावे या मागणीसाठी दिल्लीच्या तत्कालीन जलमंत्री आतिशी उपोषणास बसल्या होत्या. टँकरपुढील रांगा आणि पाण्याखाली गेलेले भुयारी मार्ग ही दोन्ही दृश्ये दिल्लीकरांनी काही दिवसांच्या अंतराने पाहिली.

एक हजार चौरस मीटरच्या गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक हजार लिटर पाणी जमते. या हिशेबाने त्या एका दिवसात अशा प्रत्येक गच्चीवर २ लाख २८ हजार लिटर पाणी पडले. दिल्लीचा वार्षिक सरासरी पाऊस सुमारे ७७५ मिलिमीटर असून त्यातील चार पंचमांश पावसाळ्याच्या चार महिन्यांत पडतो. हे पाणी अडविण्यास विद्यापीठांइतकी सोयीची जागा शहरात क्वचितच आढळते. विस्तीर्ण छपरे, वसतिगृहे, मैदाने आणि मोकळी जमीन हे सर्व तेथे एकाच व्यवस्थापनाच्या हाती असते.

याचा प्रयोग दिल्लीत पूर्वीच झाला आहे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा परिसर अरवलीच्या खडकाळ कटकावर वसलेला आहे. तेथे आणि लगतच्या संजय वनात केंद्रीय भूजल मंडळाने ओहोळांवर बंधारे बांधले, तर शेजारच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत गच्चीवरील पाणी जमिनीत सोडले. बंधाऱ्यांच्या आसपास भूजलपातळी वाढल्याचे मंडळाच्या नोंदींत आढळले. दक्षिण दिल्लीतीलच जामिया हमदर्द विद्यापीठ हे विज्ञान व पर्यावरण केंद्राच्या पर्जन्यजल संचयनाच्या नमुना प्रकल्पांपैकी एक होते. पुढे २००१ मध्ये इमारत उपविधींत दुरुस्ती होऊन, १०० चौरस मीटरहून मोठे छत असलेल्या नव्या इमारतींना पर्जन्यजल संचयन बंधनकारक झाले.

हरित छताची चर्चा त्यानंतरची. जलरोधक थर, मुळांना रोखणारा पडदा, निचऱ्याचा थर, गाळणीचे कापड, हलके मातीमिश्रण आणि त्यावर वनस्पती अशी त्याची रचना असते. ही कल्पना मराठी वाचकाला परकी नाही. सोलापूर आणि मराठवाड्यातील माळवदाच्या घरांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असे आणि भर उन्हाळ्यातही आतली खोली गार राही. मात्र माळवद त्या ओझ्याच्या हिशेबानेच उभारलेले असे. भारतीय मानकानुसार माणसांचा वावर असलेल्या सपाट छतासाठी चौरस मीटरला सुमारे १५० किलो चलभार धरतात. केवळ दुरुस्तीपुरती ये-जा असल्यास तो ७५ किलो असतो. दहा सेंटीमीटर जाडीचा साध्या मातीचा थर भिजला की एकटाच दीडशे किलोंच्या पुढे जातो. त्यामुळे जुन्या इमारतीच्या छतावर बाग फुलविण्याआधी संरचना अभियंत्याची तपासणी अपरिहार्य ठरते.

त्याहून अवघड प्रश्न पाण्याचा आहे आणि हरित इमारतींच्या माहितीपत्रकांत तो सहसा आढळत नाही. हरित छत पावसाचे पाणी धरून ठेवते आणि हळूहळू हवेत सोडते. गटारांवरील ताण यामुळे कमी होतो, परंतु पुनर्भरणासाठी मिळणारे पाणीही तितकेच घटते. जे खाली उतरते त्यात माती व खतांचे अंश असू शकतात. बँकॉकजवळील थम्मासात विद्यापीठाने २०१९ मध्ये २२ हजार चौरस मीटरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या छतावर शेती उभी केली आणि उतरणारे पाणी पायथ्याच्या तळ्यांत साठविले. तेथील पाऊस मात्र दिल्लीपेक्षा बराच अधिक असून वर्षातील अधिक महिने पडतो. दिल्लीत ऑक्टोबर ते जून या काळात छतावरील हिरवळ जगवायची कशी, हे आधी ठरवावे लागते. कूपनलिकेच्या पाण्यावर वाढविलेले हरित छत भूजल वाचवीत नाही, संपविते.

याचे उत्तर वसतिगृहांच्या सांडपाण्यात आहे. वसतिगृहासाठी दरडोई दररोज १३५ लिटर पाणी धरण्याचा प्रघात आहे. त्यातील सुमारे ८० टक्के सांडपाणी होते असे मानल्यास शंभर विद्यार्थ्यांमागे रोज १० हजार ८०० लिटर मिळतात. उन्हाळ्यात चौरस मीटरला पाच लिटर दिले तरी हजार चौरस मीटरची हिरवळ त्याच्या निम्म्याहून कमी पाण्यात जगते. गुरुग्रामजवळील ग्वाल पहाडी येथे टेरी संस्थेच्या प्रशिक्षण संकुलात पाणथळ जागी वाढणाऱ्या उंच गवताच्या मुळांतून सांडपाणी शुद्ध करून बागेला देण्याची पद्धत अवलंबिण्यात आली. वसंत कुंज येथील त्याच संस्थेच्या विद्यापीठातही शुद्ध केलेले सांडपाणी पुन्हा वापरण्याची सोय आहे. अशा पाण्यातील क्षार छतावरील उथळ मातीत साचतात, म्हणून पावसाळ्यात ती माती धुतली जाणे आवश्यक असते.

ज्या संकुलांत शुद्ध सांडपाणी वर चढविण्याची सोय नाही, तेथे गच्चीला पांढरा परावर्तक लेप देऊन स्वच्छ पाणी पुनर्भरणाकडे वळविणे अधिक व्यवहार्य ठरते. खर्च कमी, ओझे जवळपास नाही आणि वरच्या मजल्यावरील वर्गही काही अंशी थंड राहतात. हिरवळीसारखे ते छायाचित्रात शोभत नाही, एवढेच.

दोन्ही पर्यायांत देखभाल सारखीच निर्णायक असते. द्वारका परिसरातील गृहसंकुलांच्या पुनर्भरण खड्ड्यांत सांडपाण्याचे अंश आढळल्याचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत पोहोचले होते. असे दूषित पाणी थेट भूजलात उतरते आणि ते पुन्हा शुद्ध करणे जवळपास अशक्य असते. त्यामुळे छताचे पाणी आणि मलवाहिनी पूर्णपणे वेगळ्या ठेवणे, पहिल्या सरीचे धुळकट पाणी बाहेर सोडणे आणि खड्ड्यांतील वाळू-खडीचे थर दरवर्षी धुणे आवश्यक असते. ही कामे जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे वसतिगृहे बऱ्याच अंशी रिकामी असताना उरकावी लागतात. दिल्लीत मोसमी पाऊस साधारणतः जूनच्या अखेरच्या आठवड्यात पोहोचतो.