वाकडं कोपर

लहानपणी मी आंब्यावरून पडलो आणि माझ्या डाव्या कोपराला कायमचा बाक आला. शाळेत कवायतीचे मास्तर "हात सरळ!" असं साऱ्या वर्गाला ओरडत, पण बघत माझ्याकडे. या हाताचं काही भलं होणार नाही, हे घरीदारी ठरूनच गेलं होतं.

चाळिशीत एका मित्राने मला गोल्फच्या मैदानावर नेलं. कंबरेत वाका, गुडघे सैल, पाठ ताठ, नजर खाली. इथवर जमलं. पलंगाखालची चप्पल शोधताना मी रोज तसाच उभा राहतो. मग शिकवणारा गरजला, "डावा हात सरळ!" तीस वर्षांनी मास्तर पुन्हा भेटले!

का म्हणून सरळ? तर म्हणे डावा हात ही वर्तुळाची त्रिज्या. ती मध्येच आखडली, की काठीचं टोक चेंडूवर नेमकं परतत नाही. बेन होगनच्या १९५७ सालच्या गाजलेल्या पुस्तकात तर दोन्ही हात एकमेकांना बांधल्यासारखे दाखवलेत. चित्र पाहून मला गोल्फ कमी आणि पोलीस चौकी जास्त आठवली.

चिडून मी आणखी मागे गेलो. हॅरी व्हार्डनने १८९६ ते १९१४ या काळात ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकली. आजवर दुसऱ्या कुणाला ते साधलेलं नाही. आणि काठी वर नेताना या गृहस्थाचं डावं कोपर चक्क वाकायचं!

पण व्हार्डनचं वाकणं हौसेचं. एड फर्गोलचा डावा हात लहानपणीच्या अपघातामुळे कोपरात वाकडाच राहिलेला. त्याने १९५४ साली अमेरिकन ओपन जिंकली. कॅल्व्हिन पीटचंही कोपर सरळ होत नसे. तरीही पहिला फटका नेमका मैदानाच्या पट्ट्यात टाकण्यात तो १९८१ ते १९९० अशी सलग दहा वर्षं अमेरिकेच्या व्यावसायिक दौऱ्यात पहिला होता. आणि हा पीट लहानपणी पडला कशावरून? झाडावरून! त्याचं चेरीचं, माझं आंब्याचं, एवढाच काय तो फरक.

पुढच्या रविवारी शिकवणाऱ्याला म्हटलं, "हात आहे तसाच राहील." आणि फटका मारला. चेंडू जेमतेम चाळीस पावलं गेला.

पण सरळ गेला हो!