माहिती एकाकडे, अधिकार दुसऱ्याकडे : सुरक्षा दले आणि गुप्तचर संस्थांची कार्यविभागणी

दहशतवादी हल्ला झाला, सीमेवर घुसखोरी उघडकीस आली किंवा एखाद्या शहरात दंगल उसळली, की बातम्यांमध्ये एकाच वेळी अनेक सुरक्षा संस्थांची नावे येऊ लागतात. ही सर्व एकाच यंत्रणेची अंगे असल्याचा समज त्यातून होतो. प्रत्यक्षात या संस्थांचे कायदे, मंत्रालये आणि अधिकार वेगवेगळे आहेत. देशाचे संरक्षण, सीमा व आस्थापनांवरील पहारा, गुप्त माहितीचे संकलन आणि गुन्ह्यांचा तपास ही चार कामे भारतात स्वतंत्र संस्थांकडे सोपविण्यात आली आहेत. त्यामुळे सर्व सत्ता एका संस्थेच्या हाती एकवटत नाही. मात्र एका संस्थेजवळची माहिती दुसरीपर्यंत वेळेत पोहोचली नाही, तर त्याची किंमत नागरिकांना मोजावी लागते.

घटनात्मक चौकट

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार देशाचे संरक्षण आणि सैन्यदले हे विषय संघसूचीत, तर सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे विषय राज्यसूचीत येतात. बाह्य आक्रमण आणि अंतर्गत अशांतता यांपासून राज्यांचे संरक्षण करणे हे अनुच्छेद ३५५ नुसार केंद्राचे कर्तव्य आहे. म्हणजेच कायदा व सुव्यवस्था राखण्याची पहिली जबाबदारी राज्य पोलिसांची असते आणि केंद्रीय दले मुलकी प्रशासनाच्या मदतीसाठी येतात.

सैन्यदले

भूदल, नौदल आणि हवाई दल संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत असून त्यांचे सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे असते. तिन्ही दलांमध्ये समन्वय राखण्यासाठी १ जानेवारी २०२० पासून संरक्षण दल प्रमुख हे पद अस्तित्वात आले. सागरी हद्दीत गस्त घालणारे तटरक्षक दलही संरक्षण मंत्रालयाच्या अधीन आहे. त्याचा कायदा १९७८ मध्ये करण्यात आला.

केंद्रीय दले

गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील दलांची कामे सीमेनुसार आणि स्वरूपानुसार वाटलेली आहेत. डिसेंबर १९६५ मध्ये स्थापन झालेले सीमा सुरक्षा दल पाकिस्तान व बांगलादेशलगतच्या सीमांवर तैनात असते. चीनलगतची सीमा भारत-तिबेट सीमा पोलिसांकडे, तर नेपाळ व भूतानलगतच्या सीमा सशस्त्र सीमा बलाकडे आहेत. म्यानमारलगतच्या सीमेची जबाबदारी आसाम रायफल्सकडे आहे. या दलाचे प्रशासन गृह मंत्रालयाकडे असले, तरी प्रत्यक्ष मोहिमांचे नियंत्रण भूदलाकडे आहे.

केंद्रीय राखीव पोलीस दल हे अंतर्गत सुरक्षेचे प्रमुख दल होय. निवडणूक बंदोबस्तापासून नक्षलविरोधी मोहिमांपर्यंत ते राज्य पोलिसांना साहाय्य करते. गडचिरोलीत राज्य पोलिसांचे १९९० मध्ये उभारलेले ‘सी-६०’ हे विशेष पथक आणि केंद्रीय राखीव दल यांच्या संयुक्त कारवाया हे या रचनेचे परिचित उदाहरण आहे. विमानतळ, अणुऊर्जा प्रकल्प आणि मेट्रोसारख्या आस्थापनांचे रक्षण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल करते. ओलीसनाट्य किंवा दहशतवादी हल्ल्याच्या प्रसंगी राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल, म्हणजेच एनएसजी, पाचारण केले जाते.

सीमा सुरक्षा दलाला सीमेलगतच्या पट्ट्यात झडती आणि अटकेचे मर्यादित अधिकार आहेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये पंजाब, पश्चिम बंगाल आणि आसाममध्ये या पट्ट्याची मर्यादा १५ किलोमीटरवरून ५० किलोमीटर करण्यात आली, तर गुजरातमध्ये ती ८० वरून ५० किलोमीटरवर आणण्यात आली. पंजाब आणि पश्चिम बंगालने या निर्णयास आक्षेप घेतला. तथापि, या पट्ट्यातही गुन्ह्याचा पुढील तपास पोलिसांकडेच राहतो.

गुप्तचर संस्था

देशांतर्गत गुप्त माहिती संकलित करणारा गुप्तचर विभाग, म्हणजेच आयबी, १८८७ मध्ये सुरू झाला. तो गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत काम करतो. परदेशातील माहिती मिळविण्यासाठी सप्टेंबर १९६८ मध्ये ‘रॉ’ची स्थापना झाली आणि रामनाथ काव तिचे पहिले प्रमुख झाले. ही संस्था मंत्रिमंडळ सचिवालयाच्या अधीन आहे.

कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील आढावा समितीने माहिती संकलनातील त्रुटी दाखवून दिल्या. त्यानंतर झालेल्या फेररचनेत सैन्यदलांसाठी संरक्षण गुप्तचर संस्था आणि तांत्रिक माहितीसाठी राष्ट्रीय तांत्रिक संशोधन संस्था उभारण्यात आली. तस्करीविषयक माहितीचे काम महसूल गुप्तचर संचालनालय करते.

आयबी आणि रॉ या दोन्ही संस्थांना पोलिसांप्रमाणे गुन्हा नोंदविण्याचा किंवा अटक करण्याचा अधिकार नाही. त्यांनी दिलेल्या माहितीवर कारवाई करायची ती पोलीस किंवा अधिकृत तपास संस्थेनेच.

तपास संस्था

केंद्रीय अन्वेषण विभाग, म्हणजेच सीबीआय, १ एप्रिल १९६३ रोजी स्थापन झाला. मात्र त्याचे अधिकार १९४६ च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्यातून येतात. राज्यात तपास करण्यासाठी त्याला राज्य सरकारची संमती लागते. न्यायालयाचा आदेश असल्यास संमतीची अट राहत नाही. महाराष्ट्राने ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वसाधारण संमती मागे घेतली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ती पुन्हा दिली.

राष्ट्रीय तपास संस्था, म्हणजेच एनआयए, याबाबतीत वेगळी आहे. दहशतवादासह कायद्याच्या अनुसूचीतील गुन्ह्यांचा तपास केंद्राच्या आदेशाने ती राज्याच्या संमतीविना हाती घेऊ शकते.

मुंबई हल्ल्याचा धडा

२६ नोव्हेंबर २००८ रोजी समुद्रमार्गे आलेल्या दहा दहशतवाद्यांनी मुंबईवर केलेल्या हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. पहिला प्रतिकार मुंबई पोलिसांनी केला. एनएसजीचे कमांडो दिल्लीजवळील मानेसर येथून दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत पोहोचले. राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीने हल्ल्यापूर्वी मिळालेल्या इशाऱ्यांवर कार्यवाही करण्याच्या पद्धतीत गोंधळ असल्याचे नमूद केले. माहिती अजिबात नव्हती असे नाही. ती ज्यांच्या हाती कारवाई होती, त्यांच्यापर्यंत उपयोगी स्वरूपात पोहोचली नव्हती.

यानंतर त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने एनआयए कायदा संमत केला. मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता येथे एनएसजीची केंद्रे सुरू झाली, तर महाराष्ट्राने ‘फोर्स वन’ हे स्वतःचे कमांडो पथक उभारले. सागरी व किनारी सुरक्षेची एकंदर जबाबदारी नौदलाकडे सोपवून तटरक्षक दल आणि राज्यांचे सागरी पोलीस यांच्याशी तिची सांगड घालण्यात आली. केंद्र व राज्यांच्या संस्थांमध्ये माहितीची देवाणघेवाण करणारे आयबीअंतर्गत बहुसंस्था केंद्रही बळकट करण्यात आले.

२०१२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्राचा प्रस्ताव मांडला. आयबीअंतर्गत राहणाऱ्या या केंद्राला झडती व अटकेचे अधिकार मिळणार होते. माहिती गोळा करणारा आणि अटक करणारा एकच झाल्यास राज्यांच्या अधिकारांवर अतिक्रमण होईल, असा आक्षेप विविध पक्षांच्या मुख्यमंत्र्यांनी घेतला आणि प्रस्ताव बारगळला.

उत्तरदायित्वाचा प्रश्न

केंद्रीय राखीव दल, सीमा सुरक्षा दल आणि एनआयए यांना संसदेने केलेल्या कायद्यांचा आधार आहे. आयबी आणि रॉ यांची रचना व कार्यकक्षा ठरविणारा असा कायदा नाही. हा उद्देश असलेले खासगी विधेयक मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये लोकसभेत मांडले होते. ते संमत झाले नाही. ब्रिटनने १९८९ आणि १९९४ च्या कायद्यांद्वारे आपल्या गुप्तचर संस्थांना वैधानिक आधार दिला आणि त्यांच्यावर देखरेख करणारी संसद सदस्यांची समिती नेमली. भारतीय संसदेत केवळ गुप्तचर संस्थांसाठी स्वतंत्र समिती नाही.

काही मर्यादा मात्र लागू आहेत. आयबी आणि रॉ माहिती अधिकार कायद्यातून वगळलेल्या असल्या, तरी भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या आरोपांना ही सूट लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर दूरध्वनी संभाषण ऐकण्यासाठी सर्वसाधारणपणे गृह सचिवांची मंजुरी आवश्यक ठरली. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने गोपनीयतेस मूलभूत अधिकाराचा दर्जा दिला.

नागरिकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तरतूद अनुच्छेद २२ मध्ये आहे. अटकेची कारणे कळणे, वकिलाचे साहाय्य मिळणे आणि प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर केले जाणे हा अटक झालेल्या व्यक्तीचा अधिकार आहे. प्रतिबंधात्मक स्थानबद्धता आणि शत्रुराष्ट्राचे नागरिक हे त्याचे अपवाद होत. सशस्त्र दले विशेषाधिकार कायदा लागू असलेल्या क्षेत्रातही अटक केलेल्या व्यक्तीस विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्याच्या ताब्यात देणे सैन्यावर बंधनकारक आहे.