हिमप्रवाशाचें पादत्राण

शेरलॉक होम्सचा मित्र डॉ. वॉट्सन हा मैवंदच्या लढाईंत जखमी होऊन विलायतेस परतला, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेल. त्याचे जनक आर्थर कॉनन डॉइल हे मात्र १८९४ च्या मार्च महिन्यांत, पायांस लांकडाच्या लांब पट्ट्या बांधून, स्वित्झर्लंडांतील दाव्होस गांवाहून मायनफेल्डर फुर्का नांवाची हिमाच्छादित खिंड ओलांडून आरोझा येथें उतरले, हें फारसें कोणास माहीत नसतें. पत्नीच्या क्षयामुळें ते दाव्होसला येऊन राहिले होते. ब्रांगर आडनांवाचे दोन स्थानिक बंधु त्यांचे सोबती होते. एका फार उभ्या उतरणीवर स्की पायांतून काढून व एकत्र बांधून त्यांची घसरगाडी करण्यांत आली; डॉइलसाहेबांची गाडी हातची निसटली, आणि उरलेली उतरण त्यांनीं विजारीच्या बैठकीवर पार केली. हा प्रसंग त्यांनीं स्वतःच मोठ्या विनोदानें लिहून ठेविला आहे.

आम्हांस या प्रसंगांत विनोदाइतकाच एक जुना पेंच दिसतो. चढावर चालणाराची टांच पावलागणिक उचलली गेली पाहिजे. उतारावर घसरणाराची टांच स्कीवर घट्ट बसली पाहिजे. एकाच दिवशीं, एकाच जोड्याकडून या दोन परस्परविरुद्ध अपेक्षा केल्या जातात. यांत्रिक पाळण्यांचा आश्रय न घेतां स्वतःच्या पायांनीं बर्फाचे डोंगर चढून स्कीवरून उतरणाऱ्यांच्या बुटाचा इतिहास म्हणजे बव्हंशीं या टांचेच्या भांडणाचा इतिहास होय.

उत्तरेकडील लोकांस हें भांडण फारसें जाणवलें नव्हतें. स्वीडनमध्यें काल्व्हत्रेस्क येथें सांपडलेली स्की सुमारें पांच हजार वर्षांपूर्वींची आहे. म्हणजे ही विद्या किती जुनी हें कळून येईल. सामी लोकांचें पादत्राण रेनडियरच्या कातड्याचें, मऊ, आंत मोज्याच्या जागीं वाळलेलें गवत भरलेलें. त्याचें टोंक वर वळविलेलें असे, कीं स्कीवरील वादींतून पाऊल मागें निसटूं नये. लांबच लांब वाटचालीस एवढें पुरे होतें. पुढें नॉर्वेच्या तेलेमार्क प्रांतांतील सोंद्रे नोरहाइम (१८२५–१८९७) या गरीब माणसानें टांचेमागून पिळलेल्या लवचीक फांद्यांचा वेढा घेतला, आणि उतारावर वळण्याचें कौशल्य १८६८ सालीं राजधानीच्या लोकांस दाखविलें. तो पुढें अमेरिकेस गेला व तिकडेच वारला. नॅन्सेन यांनीं १८८८ त ग्रीनलंड ओलांडल्यावर मध्य यूरोपांत स्कीचें वेड पसरलें. परंतु आल्प्सचे उतार म्हणजे नॉर्वेचीं पठारें नव्हेत, हें तेथील लोकांस लवकरच कळून चुकलें.

येथें या कथेंत कंदाहार शहराचें नांव शिरतें. १८८० च्या जुलैंत मैवंद येथें आयुबखानानें इंग्रजी फौजेचा पराभव केला. त्या फौजेंत आपल्या मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या. त्यांच्या मदतीस जनरल रॉबर्ट्स काबूलहून सुमारें तीन आठवड्यांत कंदाहारला पोंचले, आणि पुढें त्या शहराचें नांव त्यांच्या सरदारकीस जोडलें गेलें. १९११ सालीं, मद्रासेंत जन्मलेल्या आर्नल्ड लन् या तरुणानें स्वित्झर्लंडांत माँताना येथें उतरण्याची एक शर्यत भरविली. चषक दिला होता रॉबर्ट्स यांनीं. स्पर्धकांनीं आदल्या दिवशीं वरच्या झोंपडीपर्यंत चढून जावयाचें, तेथें रात्र काढावयाची, आणि सकाळीं हिमनदीवरून खालीं धांवावयाचें असा तो प्रकार होता. उतरण्याच्या शर्यतींतही चढणें तेव्हां सुटलेलें नव्हतें, याकडे वाचकांनीं लक्ष द्यावें.

कंदाहार हें नांव पुढें शर्यतींच्या परंपरेंतून एका बंधनासही मिळालें. संगीतपेट्या करणाऱ्या घराण्यांतील गिदो र्‍युज यानें १९३० च्या सुमारास टांचेमागून जाणारी तारेची दोरी योजिली. बाजूच्या आंकड्यांत ती अडकविली कीं टांच खालीं दाबली जाई, सोडविली कीं मोकळी होई. तात्पुरता तह झाला. पण त्याची किंमत बुटानें दिली. तारेच्या ताणाखालीं मऊ तळ दुमडतो, म्हणून तळ जाड व ताठ झाला. टांचेस तार बसण्याकरितां खांचण आली.

आणि मग १९३४ त त्याच दाव्होसमध्यें माणसांना ओढून वर नेणारें यंत्र सुरू झालें. आमच्या मतें या इतिहासांतील खरें वळण हेंच. चढणें यंत्रावर सोंपविल्यावर बुटानें चालण्याची पर्वा कां करावी? १९६० नंतर अमेरिकेंत बॉब लँग यांच्या प्लॅस्टिकच्या बुटांनीं चामड्यास हुसकून लाविलें. उतारावर ते उत्तम, पण ते घालून साधा जिना चढणें म्हणजे शिक्षा! पायीं चढणारे थोडे लोक उरले, त्यांस कांहीं काळ दोहोंतील वाईट तेंच वाट्यास आलें.

ऑस्ट्रियाच्या फ्रित्झ बार्थेल यानें माँ ब्लाँकच्या चढाईंत जड सामानानें दमून गेल्यावर १९८४ च्या सुमारास नवी युक्ति काढिली. बुटाच्या पुढच्या टोंकास दोहों बाजूंनीं धातूचीं छिद्रें. त्यांत दोन खुंट्या बसतात व पाऊल बिजागरीसारखें फिरतें. बूट स्वतःच बंधनाचा अर्धा भाग झाला. बुटाचा वरचा भागही आतां एका खटक्यानें चालतांना मोकळा, उतरतांना कायम करतां येतो.

आज निवड करणारापुढें एका पायास एक किलोच्या आंतील बुटांपासून दीड किलोच्या वरच्या बुटांपर्यंत सर्व प्रकार मांडलेले असतात. पायांतलें वजन पाठीवरील तेवढ्याच वजनापेक्षां कितीतरी अधिक दमविते, म्हणून हलक्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु वजनाचा तराजू आम्ही शेवटीं हातीं घेऊं. प्रथम आंतला मऊ जोडा काढून नुसत्या कवचांत पाय घालावा, बोटें पुढें टेंकवावीं, आणि टांचेमागें बोट-दीड बोट जागा राहते कीं नाहीं तें पाहावें. फार जागा असेल तर टांच चढावर घांसून सोलून निघते. मुळींच नसेल तर रक्त अडतें, आणि थंडीच्या देशांत त्याचा शेवट बोटें गमावण्यांतही होऊं शकतो. मऊ जोडा उष्णतेनें पायाच्या घडणीस जुळवितां येतो. कवचाची लांबी कांहीं वाढवितां येत नाहीं.

तळाकडे बहुतेक ग्राहक पाहतच नाहींत. १९३५ त पुंता रासिका शिखरावर हलके जोडे घातलेल्या इटालियन गिर्यारोहकांस वादळानें गांठलें व सहाजण मेले. त्यांचा सोबती वितालें ब्रामानी वांचला. दोनच वर्षांनीं, १९३७ त, त्यानें खोल खांचांचा रबरी तळ तयार केला. स्वतःच्या नांवाचीं आद्याक्षरें जोडून त्यास व्हिब्राम म्हटलें. खडक लागल्यावर स्की खांद्यावर घेऊन चालणाराच्या बुटास तो अजूनही लावतात, आणि वजन घटविण्याच्या चढाओढींत प्रथम पातळ केला जातो तो बहुधा तोच.