वेष आणि वेषधारी

वस्त्र हे केवळ अंग झाकण्याचे साधन असते, तर राज्यकर्त्यांस त्याचे भय वाटण्याचे कारण नव्हते. परंतु १७४६ साली कलोडनच्या रणांगणावर स्कॉटलंडातील डोंगरी टोळ्यांचा मोड झाल्यावर ब्रिटिश पार्लमेंटाने त्याच वर्षी कायदा करून त्यांचा चौकटींच्या लोकरी कापडाचा वेष, म्हणजे किल्ट, निषिद्ध ठरविला. पहिल्या अपराधास सहा महिने कैद, दुसऱ्यास सात वर्षे समुद्रपार हद्दपारी! मुभा होती ती राजाच्या पलटणीतील शिपायांस. १७८२ साली बंदी उठली. आणि १८२२ साली राजा चौथा जॉर्ज स्वतःच किल्ट परिधान करून एडिंबरोच्या दरबारात मिरवला. त्या समारंभाचा सूत्रधार होता कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट. मात्र त्याच काळात मेंढ्यांच्या कुरणांसाठी डोंगरी कुळांस पिढीजात जमिनींवरून हुसकून लावण्यात येत होते. वेषाला मान मिळाला, तो वेषधारी निराधार झाल्यावर.

ही दूरची कथा आम्हां वऱ्हाडवासीयांस परकी नाही. १८०३ साली अडगावच्या लढाईत वेलस्लीच्या सैन्यात हायलँडर पलटणी होत्या. आणि त्या मोहिमेत सैन्यास धान्य पुरविण्याचे काम मोठ्या अंशी बंजाऱ्यांच्या बैलांनी केले. त्याच बंजाऱ्यांचे तांडे आज पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांत वसलेले आहेत. तेथील वृद्ध स्त्रियांच्या अंगावर घेरदार फेटिया, पाठीवर बंदांनी बांधलेली काचळी व डोक्यावरून घेतलेली छांटिया अजूनही दिसते. वस्त्रावर आरसे, कवड्या आणि नाणी जडविलेली. केसांत गुंफलेली घुगरी-टोपली व हातांतील चुडा ही सौभाग्याची खूण. ज्यांचा संसार बैलाच्या पाठीवर, त्यांनी आपली संपत्ती आणि आपली ओळख अंगावरच वागवावी, यात नवल ते काय?

पुढे १८६७ साली आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचली आणि लमाणी बैलांचा व्यापार बसत गेला. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने भटक्यांकडे संशयाने पाहण्याची सरकारी रीत घालून दिली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, परंतु संशय कायद्याबरोबर जात नसतो. बंजाऱ्यांचा वेष कोणत्याही कायद्याने बंद केला नाही; तो लोकांच्या नजरेने बंद केला. बाजारात, कचेरीत वावरणाऱ्या पुरुषांनी तो आधी टाकला, स्त्रियांनी मागाहून. तांड्यावरून आमच्या महाविद्यालयात येणारी मुलगी आजीची काचळी घालते ती स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर, वर्गात नव्हे. रंगमंचावर आम्ही टाळ्या वाजवितो. वर्गात त्याच वेषाकडे कोणत्या दृष्टीने पाहिले असते, हे ज्याने त्याने मनास विचारावे.

पुसदजवळच्या गहुली तांड्यातील वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. २०२४ साली पोहरादेवी येथे बंजारा वारशाचे संग्रहालयही उघडले. ही अभिमानाची गोष्ट खरीच. तथापि संग्रहालयातील काचेआडची काचळी पाहून हळहळणे सोपे असते. ऊसतोडीस निघालेल्या तांड्याच्या मुलांची शाळा चुकू नये याची काळजी वाहणे कठीण. स्कॉटलंडने वेष जतन केला आणि माणसे गमावली. आम्ही त्याचा धडा उलटा गिरवावा: आधी वेषधारी सावरावा, म्हणजे वेष ठेवावा की टाकावा हे तो स्वतःच्या इच्छेने ठरवील.